झोपेच्या खणातली मुलगी

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. पण कपाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शर्ट आणि टॉवेल आले असतील तर ते आधी पुसून टाका. माझ्या पोटात कधी कपडे गेले नाहीत. मला अठ्ठेचाळीस खण आहेत. प्रत्येक खण हातभर लांब, वीतभर रुंद. प्रत्येकाला पितळेची कडी, आणि कडीच्या वर नावाची चिठ्ठी सरकवायला पितळेचीच चौकट. मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत मी येतो. मला ज्या सुताराने घडवलं त्याचा नातू आता म्हातारा झाला असेल, यावरून माझ्या वयाचा अंदाज करा.

तो सुतार मोठा खटपट्या होता. खण करायचा, सरकवून बघायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा रंधा मारायला बसायचा. शेवटी शेवटी माझे सांधे असे गच्च बसले की एक खण आत ढकलला की आतली हवा कोंडून शेजारचा खण बोटभर बाहेर यायचा. त्याला याचा फार अभिमान होता. येईल त्याला तो हे करून दाखवायचा. मीही तेव्हा नवा होतो, मलाही मजा वाटायची.

मला आणलं ते चित्रांच्या संग्रहालयात. भिंतींवर लावलेली चित्रं लोक बघतात, पण त्याच्या वीसपट चित्रं मागच्या कोठारात उभी असतात, ताटाळ्यात ताटं असावीत तशी. चार हजारांच्या वर चित्रं. त्यातलं हवं ते कसं सापडायचं? चित्रकाराचं नाव माहीत असेल तर ठीक. पण कोणी येऊन म्हणालं, मला घोड्यावरून पडणारा माणूस असलेली सगळी चित्रं दाखवा, तर? तिथं माझी गरज लागायची. चित्रात काय आहे, त्यावरून त्याचं कार्ड लिहायचं आणि त्या विषयाच्या खणात लावायचं, हे काम माझ्या खोलीत चाले.

ते काम ज्यांनी बसवलं त्यांना सगळे पाठीमागे भिंगकाका म्हणत, कारण गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग त्यांनी जेवतानासुद्धा कधी काढलं नाही. माझ्या अठ्ठेचाळीस खणांची नावं त्यांनीच ठरवली. वरची ओळ देवादिकांची, दुसरी झाडं-प्राण्यांची, तिसरी घरादाराची, आणि सगळ्यात खालची माणसाच्या आयुष्याची. जन्म, खेळ, शिक्षण, लग्न, काम, राग, न्याय, आई, आजार, शोक, झोप, मृत्यू. झोप आणि मृत्यू हे खण शेजारी-शेजारी होते. दोघांमध्ये बोटभर जाडीची फळी.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड आहे? बसून बघा म्हणजे कळेल. बाईच्या हातात तराजू आणि डोळ्यांवर पट्टी असेल तर ते चित्र न्यायाचं. पट्टी नसेल तर ती दुकानदारीण. कुत्रा मालकाच्या पायाशी बसला असेल तर निष्ठा, आणि ताटाशी बसला असेल तर नुसता कुत्रा. एकदा एका चित्रात एक म्हातारी सुरी घेऊन सफरचंदाकडे बघत होती. ती "स्वयंपाक" खणात जावी की "राग" खणात, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी भिंगकाकांनी भिंगातून तिच्या कपाळाच्या आठ्या मोजल्या आणि राग ठरला. स्वयंपाकाच्या खणातही एक छोटं कार्ड गेलं, त्यावर लिहिलं होतं, "हेही पाहा: राग." भिंगकाकांचा नियमच होता की प्रत्येक चित्राला किमान एक तरी "हेही पाहा" हवं. एका वाटेने आलेला माणूस चुकला तर दुसऱ्या वाटेने पोचला पाहिजे, असं ते म्हणत.

आणि दुसरा नियम त्याहून कडक. दिसतं तेवढंच लिहायचं. वाटतं ते घरी जाऊन बायकोला सांगायचं.

माझी ती वर्षं काय वर्णावीत. दूरदूरच्या संग्रहालयांतून माणसं मला बघायला यायची. खण उघडून, कार्डं चाळून, मान डोलवून जायची. भिंगकाका हसायचे नाहीत, पण माझ्या माथ्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. माझ्या वार्निशवर त्या तळहाताचा फिकट डाग अजून आहे.

मग त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगी कामाला आली. ऑफिसात आधीच एक बाई होत्या, म्हणून हिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. पुढे थोरल्या बाई गेल्या, धाकट्या बाईंचे केस पांढरे झाले, तरी त्या धाकट्याच राहिल्या. हुशार पोर. नजर घारीची. पण भिंगकाकांना जाम घाबरायची. त्यांनी लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ, असं तिला वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो दिवस सांगतो. सांगताना अजून माझं लाकूड आक्रसतं.

त्या महिन्यात भिंगकाका नऊ दिवस कामावर आले नाहीत. शिपाई आणि थोरल्या बाई दारात कुजबुजत होते, त्यावरून मला कळलं. भिंगकाकांची पाच वर्षांची मुलगी गेली होती. ताप काय आला आणि काय झालं, कोणालाच धड माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी ते आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, भिंग गळ्यात. टेबलाशी बसले आणि म्हणाले, पुढचं चित्र आणा.

पुढचं चित्र एका बोचक्यातलं होतं. कोण्या एकट्या चित्रकाराची खोली रिकामी करताना सापडलेली ती चित्रं, सोबत ना पत्र, ना कशावर सही. शिपायाने वरचं उचललं आणि टेबलावर उभं केलं. त्या बिचाऱ्याने त्यात काय आहे ते बघितलंही नसेल.

चित्रात एक लहान मुलगी होती. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, डोळे मिटलेले, हात पोटावर जुळवून ठेवलेले. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. तिला टेबलावर निजवलं होतं, पायात काळे नवे बूट होते.

भिंगकाका खूप वेळ बघत बसले. भिंग डोळ्याला लावलं नाही. मग उठून माझ्याकडे आले, वाकले, आणि मृत्यूचा खण ओढला. त्यांनी हात कार्डांवर ठेवला. ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी तो खण हळूच आत ढकलला आणि शेजारचा उघडला. कार्ड लिहिलं: "झोप. लहान मुलगी, बिछान्यावर झोपलेली." "हेही पाहा" समोर काहीच लिहिलं नाही. माझ्या पोटात हजारो कार्डं होती, त्यात तेवढ्या एकाच कार्डाची ती जागा कोरी राहिली.

धाकट्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चित्र पाहिलं, कार्ड पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, झोपलेली आहे तर पायात बूट कसे?"

भिंगकाकांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "लिहिलंय ते लावा."

त्यांनी लावलं. पुन्हा विचारलं नाही. त्या माणसाला त्या दिवशी पुन्हा विचारायला काळीज दगडाचं लागलं असतं, हे मला कबूल आहे. भिंगकाकांनाही मी दोष देत नाही. आपल्या लेकीला ज्या हाताने नुकतंच पोचवलं, त्याच हाताने तो शब्द लिहायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. पण मित्रांनो, चूक ती चूकच. चित्र कोठारात गेलं, कार्ड झोपेच्या खणात गेलं, आणि दिवस जात राहिले. भिंगकाका निवृत्त झाले, मग वारले. त्यांच्या जागी, त्यांचं भिंग घेऊन, धाकट्या बाई बसल्या.

खूप वर्षांनी एके सकाळी दारात एक गृहस्थ उभे राहिले. साठीचे असतील. गळ्यात मोजायची फीत विसरून तशीच राहिलेली, त्यावरून शिंपी आहेत हे कळलंच. धाकट्या बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

ते सहा वर्षांचे असताना त्यांची चार वर्षांची बहीण तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. माडीवर एक चित्रकार भाड्याने राहायचे, मुलं त्यांना वरचे काका म्हणायची, खरं नाव मुलांना कुठलं माहीत असणार. आईने त्यांच्या पाया पडून सांगितलं, हिला नेण्याआधी हिचं चित्र काढा. त्यांनी दिवसभर बसून काढलं. पण नंतर आईला ते चित्र घरात बघवेना. वरचे काका घर सोडून गेले तेव्हा ते चित्र घेऊन गेले, आणि जाताना म्हणाले, मी हे शहरातल्या संग्रहालयात देईन, तिथं नीट राहील.

धाकट्या बाई ऐकत लिहून घेत होत्या. मग शिंप्यांनी खरी गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण ते शब्द मला पाठ आहेत.

"घरी सगळे म्हणायचे, तू त्या दिवशी नव्हतासच. तुला सकाळीच मावशीकडे पाठवलं होतं. आई मरेपर्यंत हेच म्हणाली. पण मला आठवतं बाई, मी टेबल धरून उभा होतो. ती आजारी असताना मला म्हणाली होती, दादा, तू जाऊ नको. मी गेलो की राहिलो, हे मला पन्नासहून जास्त वर्षं कळलेलं नाही. ते चित्र काढणाऱ्याला तरी दिसलं असेल."

धाकट्या बाई तडक उठल्या. मृत्यूचा खण ओढला, "मूल" अशी चिठ्ठी लावलेला कप्पा काढला. सतरा कार्डं होती. सतराच्या सतरा चित्रं त्यांनी कोठारातून काढून दाखवली. एकही ते नव्हतं. मग शोकाचा खण, आजाराचा खण, "आई" खण. "हेही पाहा" च्या सगळ्या वाटा त्या चालून आल्या. काही नाही. त्यांनी उघडाच राहिलेला तो पहिला खण आत ढकलला.

आणि मी काय केलं असेन? मला बोलता येत नाही. मला एवढंच येतं, जे त्या सुताराने शिकवलं होतं. मृत्यूचा खण आत गेला आणि झोपेचा खण बोटभर बाहेर आला. धाकट्या बाईंनी तो गुडघ्याने सहज बंद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

शिंपीकाका दरवर्षी येऊ लागले. एखादं नवं कार्ड लागलं असेल, काही सापडलं असेल, म्हणून विचारायला. येताना काही ना काही शिवून आणायचे. एकदा खिडकीचा पडदा, एकदा माझ्यावर घालायचं धूळकापड, चारी बाजूंना नीट दुमड घातलेलं. धाकट्या बाई दरवेळी मृत्यूचा खण उघडायच्या, त्यांच्या समाधानासाठी. दरवेळी बंद करायच्या. दरवेळी माझा शेजारचा खण बाहेर यायचा, आणि दरवेळी त्यांचा गुडघा त्याला आत सारायचा. रागाने माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या असत्या, पण मला बिजागऱ्याच नाहीत.

मग कॉम्प्युटर आले. नवे साहेब आले, हसतमुख, भराभर चालणारे. त्यांनी चार मुलामुलींना बसवून माझ्यातली सगळी कार्डं टाइप करून घेतली. चित्रं कोणी काढून बघितली नाहीत. कार्डावर जे होतं ते पडद्यावर गेलं, आणि त्यात आमची चूकही गेली, टापटीप कपडे घालून. आता शिंपीकाका आले की नवे साहेब स्वतः बटणं दाबून बघायचे आणि सांगायचे, काका, एवढं मोठं यंत्र नाही म्हणतंय, म्हणजे ते चित्र आमच्याकडे आलेलंच नाही. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं.

मला खोलीतून काढून जिन्याखालच्या बोळात उभं केलं. लग्नाच्या खणात वायरी गेल्या, न्यायाच्या खणात कपबश्यांचे चमचे. शिपाई माझ्या माथ्यावर डबा ठेवून जेवायचा. ज्या माथ्यावर भिंगकाकांचा तळहात असायचा तिथं भाजीच्या रश्श्याचा गोल उमटला. पण त्याचं मला एवढं नाही. माझ्या पोटात एक मुलगी चुकीच्या जागी पडून होती आणि तिचा भाऊ वर्षातून एकदा माझ्यासमोरून रिकाम्या हाताने जात होता, याने मी आतून कुरतडला जात होतो. वाळवी परवडली.

अकराव्या वर्षी शिंपीकाका आले ते लेकीचा हात धरून. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड झाला होता. ऑपरेशन दोनदा झालं, उपयोग झाला नाही. उजेड कळायचा, मोठे आकार कळायचे, बाकी धुकं. जिने चढवत नव्हते, म्हणून ते बोळात, माझ्या शेजारच्या बाकावर बसले. धाकट्या बाई वरून खाली आल्या. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. माझी कार्डं पुढच्या सोमवारी पोत्यांत भरून रद्दीत जाणार होती आणि मी भंगारात, हे साहेबांनी त्याच आठवड्यात ठरवलं होतं.

लेकीने सांगितलं की बाबांना आता प्रवास झेपत नाही, ही शेवटची खेप. धाकट्या बाई म्हणाल्या, काही नवीन नाही हो, काका. ते मान हलवत राहिले. मग लेक त्यांच्या सुटलेल्या नाड्या बांधायला खाली वाकली, तेव्हा ते आपल्याशीच बोलल्यासारखे तिला म्हणाले की तुझ्या आत्याला आईने नवे बूट आणले होते, वाढत्या पायाचे म्हणून एक माप मोठे. ते तिने घातले ते एकदाच, त्याच दिवशी. आईनेच घातले.

धाकट्या बाई वर जायला वळल्या होत्या. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या.

त्यांनी विचारलं, बूट काळे होते का? शिंपीकाका म्हणाले, हो, काळे. धाकट्या बाईंचा चेहरा असा उतरला की लेक घाबरून उठून उभी राहिली. बाई माझ्यासमोर आल्या, फरशीवर गुडघे टेकले आणि झोपेचा खण ओढला. आतल्या कार्डांवर कोणीतरी ठेवलेल्या किल्ल्या होत्या, त्या त्यांनी बाहेर भिरकावल्या. कार्ड काढायला त्यांना पाव मिनिटही लागलं नाही. त्यांना माहीत होतं ते कुठे असणार. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिथं लावलं होतं.

त्यांनी शिपायाला कार्डावरचा क्रमांक दिला आणि कोठारात पिटाळलं. मग तशाच फरशीवर बसून त्यांनी शिंपीकाकांना सगळं सांगितलं. भिंगकाका, त्यांची मुलगी, ते नऊ दिवस, ते बूट. काहीही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "लिहिणाऱ्याचं घर त्याच आठवड्यात बसलं होतं. पण मला बूट दिसले होते. मी एकदा विचारलं आणि गप्प बसले. चूक माझी आहे."

मला वाटलं, शिंपीकाका आता म्हणतील, असू द्या हो. भले माणूस होते ते. पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी मला सुईत दोरा ओवता येत होता, बाई."

लेक भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

शिपाई चित्र घेऊन आला. बोळात टेबल नव्हतं, म्हणून ते माझ्याच माथ्यावर, भिंतीला टेकवून उभं केलं. गडबड ऐकून नवे साहेबही जिन्यात येऊन थांबले होते. शिंपीकाका उठले आणि चाचपडत पुढे आले. माझी कड धरून वाकले, नाक रंगाला लागेल इतके जवळ गेले.

ते म्हणाले, पांढरं दिसतंय. फ्रॉक का? बाई म्हणाल्या, हो. त्यांनी आणखी डोळे ताणले, मान कलती केली, मग मागे झाले. त्याहून जास्त त्यांना काही दिसलं नाही. म्हणाले, तुम्ही सांगा. आणि लगेच पुढे म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. नसेन तर नाही म्हणा."

धाकट्या बाईंनी खिशातून भिंगकाकांचं जुनं भिंग काढलं नि कंपासपट्टी घेतली. चित्र उजव्या कडेपासून बघायला सुरुवात केली, आणि जसं दिसेल तसं मोठ्याने सांगत गेल्या. खिडकी, ऊन, उन्हात तरंगणारे कण. मुलीचे केस काळे, दोन वेण्या, डाव्या वेणीची फीत सुटलेली. भुवया दाट. टेबल लाकडी, त्यावर चादर दुहेरी घडी करून. बूट काळे, तळवे कोरे, मातीचा डाग नाही. खोलीत दुसरं कोणी उभं दिसत नाही.

शिंपीकाकांनी मान खाली घातली.

बाई थांबल्या नाहीत. चित्राच्या डाव्या कडेशी चौकटीची सावली पडत होती. तिथं त्यांनी शिपायाला टॉर्च धरायला लावला. मग त्यांनी भिंग रंगाच्या अगदी जवळ नेलं.

"टेबलाच्या कडेवर बोटं आहेत," त्या म्हणाल्या. "चार बोटं. अंगठा नाही, तो खाली गेला असेल. लहान मुलाचा हात आहे. मनगटापासून पुढचं मूल चित्राच्या कडेबाहेर राहिलंय, म्हणून चेहरा दिसत नाही. डाव्या कडेपासून सहा सेंटिमीटर." त्यांनी पट्टी लावून पुन्हा मोजलं. "सहाच. दुसऱ्या बोटावर पांढरा ठिपका आहे, तिथला रंग उडालेला दिसतोय."

"तो रंग नाही उडालेला," शिंपीकाका म्हणाले. "चिंधी बांधलीय. आदल्या दिवशी माझं बोट दारात चेमटलं होतं."

बाईंनी भिंग पुन्हा लावलं. ठिपका बोटाला वळसा घालून मागे गेला होता, आणि खाली गाठीची दोन टोकं होती, केसाएवढी बारीक. त्यांनी ते तसंच सांगितलं. लेकीने भिंग मागून घेतलं, बघितलं आणि म्हणाली, आहे बाबा, गाठ आहे.

शिंपीकाका बाकावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते लहान मुलासारखे रडले. अधूनमधून एवढंच म्हणत होते की मी गेलो नव्हतो गं, मी होतो तिथं. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवे साहेब जिन्यातून खाली आले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला.

सगळे गेल्यावर धाकट्या बाईंनी एक कोरं कार्ड शोधलं. आता कार्डं कोणी लिहीत नव्हतं, तरी त्यांनी लिहिलं. "मृत्यू. लहान मुलगी, टेबलावर ठेवलेली. जवळ तिचा भाऊ, बोटाला चिंधी, टेबल धरून उभा. हेही पाहा: सोबत." सोबत नावाचा खण माझ्यात नव्हता. त्यांनी लग्नाच्या खणातल्या वायरी काढल्या, तिथली कार्डं शेजारी सारली आणि अर्धा खण त्यासाठी रिकामा केला.

सोमवारी पोती आली तेव्हा बाईंनी ती परत पाठवली. साहेबांना सांगितलं, माझ्या चार महिन्यांत मी एक-एक कार्ड चित्राशी ताडून बघणार, मग काय ते न्या. साहेबांनी हो म्हटलं. आजवर त्या आठशे कार्डांपर्यंत पोचल्या आहेत आणि आणखी सहा चुका सापडल्या आहेत. ती चित्रं शोधत कोण कोण आलं आणि परत गेलं असेल, याचा विचार आला की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. सगळी कार्डं चार महिन्यांत होणार नाहीत, हे बाईंनाही कळतं आणि मलाही.

तर मित्रांनो, माझं भविष्य काय, भट्टी की भंगार, ते मला ठाऊक नाही. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी खोलीत बसून काही ना काही लिहाल, लावाल, मांडाल. एखादी गोष्ट चुकीच्या जागी चाललेली तुम्हाला दिसली, तर विचारा. समोरचा माणूस मोठा असला, दुःखात असला, तर हळू विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. शिंपीकाकांचं चित्र सापडायला अकरा वर्षं लागली, आणि तेवढ्यात त्यांचे डोळे गेले.